एक्सलवरचं भोक

"ब्रेकचं तेल नाही हे," गाडीखालून परेश म्हणाला. त्याने बोट पुन्हा हुंगलं. "एक्सलचंच आहे. वास घाणेरडा येतो त्याचा. तुमच्या गाडीत मात्र आधी बोंबील बाजूला करावा लागतो, वहिनी."

किशोरी हसली नाही. ती वाकून मागची चाकं बघत होती. दोन्हींच्या आतल्या बाजूला काळे ओघळ, ताजे. गेल्याच महिन्यात परेशने दोन्हीकडे तेल अडवणारे नवे सील बसवले होते, तरी तेल पुन्हा ब्रेकच्या लायनरवर उतरलं होतं. परवा चिरनेरजवळच्या उतारावर तिने पाय दाबला, तर गाडी नुसती घसरत राहिली. मागे मासळीच्या पाट्या, आणि सासऱ्यांच्या मांडीवर तिची लेक मालू.

तेव्हापासून तिने मालूला गाडीत बसवलं नव्हतं. आजही ती एकटीच गाडी घेऊन पनवेलला आली, आणि सासरे नातीला घेऊन एसटीने.

तिच्या नवऱ्याने, भावेशने, जहाजावरून फोन करून सांगून टाकलं होतं, या खेपेला गळती थांबली नाही तर गाडी भंगारात. तीन लाख किलोमीटरच्या वर पळालीय, किती दिवस ओढायची? गाडी गेली की करंजाहून पनवेलला मासळी आणणंही गेलं. ते तो बोलला नव्हता.

तिचा सासरा काशिराम गॅरेजच्या बाकावर बसला होता. मालूला टॉवेलात गुंडाळलं होतं, पार नाकापर्यंत.

"बाबा, जरा सैल करा. उकडतंय तिला."

"वारा लागंल," काशिराम म्हणाला आणि टॉवेल आणखी आवळला.

"एका बाजूला माझा हात चुकेल," परेश स्वतःशीच बोलत होता. "दोन्हीकडे एकदम कसा चुकेल?" त्याने एक्सलच्या मधल्या गोळ्यावरच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट सैल झाला मात्र, कुकरची शिट्टी उचलल्यासारखी फुस्स करून हवा सुटली.

 परेशचा हात एक्सलच्या वरच्या अंगाला चाचपडत गेला. "तापलेली हवा जायला इथे एक भोक असतं." स्क्रू ड्रायव्हरने उकरून त्याने काहीतरी बाहेर ओढलं. डांबरात भिजवलेला कापूस, वळून ठोकलेला.

"हे कोणी घातलं?"

होडीच्या फळ्यांच्या फटीत ठोकतात तसला कापूस. किशोरीने सासऱ्यांकडे बघितलं.

"मीच," काशिराम म्हणाला. "गाडी धुताना गावला भोक. झाकन पडला व्हता. बंदरावं भरतीला मागची चाका पान्यान जातान. उघडा ठेवाचा कं?"

"काका, ही होडी नाही."

"पान्यान गेली त होडीच."

परेश काही बोलायला गेला आणि हसतच सुटला. "पाणी शिरलं असतं तरी वाट लागली असती, ते खरं. पण कोंडलेली हवा सील फोडून बाहेर येते हो. आणि मी इथे माझ्याच हाताला शिव्या घालतोय."

त्याने दोन्ही शाफ्ट ओढून काढले, सील जिथे टेकतो तिथे नख फिरवून पाहिलं. चर पडलेली नव्हती. नवे सील बसले, नवे लायनर बसले. भोकाला लांब रबरी नळी जोडून तिचं तोंड त्याने मागच्या दिव्याच्याही वर नेऊन बांधलं. काशिरामने उठून नळी ओढून बघितली. बसला, आणि परत उठून बघितली.

फेरी मारायला किशोरी एकटीच गेली. पुलाच्या उतारावर तिने पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. परत आल्यावर परेशने तोच बोल्ट सैल केला. काही आवाज आला नाही. चाकांमागून फिरवलेलं फडकं कोरडं निघालं. किशोरीने ते त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतः उलटसुलट करून पाहिलं.

"बाबा, बसा मागे. दोघंही."

"एसटीचा रिटन काढला नाय, बरा झाला," काशिराम म्हणाला.

गव्हाण फाट्याशी गाडी थांबली तेव्हा तिने आरशात पाहिलं. मालू झोपली होती. काशिरामने टॉवेल तिच्या हनुवटीखाली ओढला होता, आणि नाकासमोर एक बोट धरून तो श्वासाची ऊब लागते का बघत होता.