केस येईपर्यंत

"केस तेवढे येऊ देत, पाळकसाहेब," लक्ष्मण म्हणाला. "महिनाभर थांबू. मग लगेच बाप्तिस्मा घेतो."

वडील जाऊन चौदा दिवस झाले होते. आदल्या दिवशी तेरावं उरकलं, पाहुणे कन्नडच्या गाडीत बसवून दिले, आणि आज दुपारी तो गारखेड्याहून सायकल मारत छावणीत पाळकांच्या घरी आला. डोक्यावर टोपी होती, टोपीखाली गुळगुळीत डोकं. तसं डोकं घेऊन मंडळीपुढं उभं राहायला त्याला नको वाटत होतं. अकरा वर्षं तो थांबला होता. एक महिना त्याला जड नव्हता.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात तो कन्नडजवळ खडी फोडण्याच्या कामावर हजेरी कारकून होता. तिथं एका दुपारी एक म्हातारा मेला. कुठला, कुठल्या जातीचा, कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून कुणी हात लावेना. याकोब बोर्डे नावाचे हे पाळक तेव्हा मजुरांना पाणी वाटत हिंडायचे. त्यांनी बाह्या सारल्या आणि म्हाताऱ्याला आंघोळ घातली, जन्मदात्याला घालावी तशी. बादली लक्ष्मणनं धरली होती. तुम्ही हे का करता, एवढंच त्यानं विचारलं. उत्तर ऐकायला तो पुढं वर्षभर रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये येत राहिला, आणि आपण येशूचे झालो आहोत हे एके दिवशी त्याला उमगलं. जाहीर सांगायचं तेवढं बाकी होतं.

ते सांगणं तात्यांपाशी अडलं. तात्यासाहेब म्हणजे त्याचे वडील, आणि लक्ष्मण त्यांचा एकुलता एक. तो ख्रिस्ती झाला तर भाऊबंद त्याला सरणाजवळ उभं करणार नाहीत. मग बापाला अग्नी कोण देणार? मुलाच्या हातचा अग्नी मिळणार नाही हे कळलं, तर म्हातारा जिवंतपणीच मरेल. तात्यांच्या माघारी घेऊ, असं त्यानं ठरवलं. त्याची बायको शैला त्याच्याबरोबर बाप्तिस्मा घ्यायला तयार होती. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, देव काय तुमच्या हापिसात अर्ज घेऊन आलाय, उद्या या म्हणायला? पाळक वेगळं सांगत. दर खेपेला एकच, की एकदा तात्यांशी बोला. लक्ष्मणला वाटे, या माणसाला आमच्यातलं काही कळत नाही.

रविवारी तो शेवटच्या बाकावर बसे. प्रभुभोजनाचा प्याला हातोहात मागं येई. शेजारचा माणूस पिई, ओठ पुशी, आणि प्याला परत वळे. बाप्तिस्मा न झालेल्याला तो नव्हता. अकरा वर्षं लक्ष्मणनं तो हातभर अंतरावरून पाहिला. त्याचा वास त्याला ओळखीचा झाला होता, चव माहीत नव्हती.

एका हिवाळ्यात तात्यांना खोकला लागला. तिसऱ्या दिवशी उतार पडला, तेव्हा लक्ष्मणला जरा निराश वाटलं. आपल्याला काय वाटलं हे ध्यानात आल्यावर तो त्या दिवशी जेवला नाही. पण तात्यांशी बोलला तरीही नाही.

"आता तर काय, मोकळाच झालो," तो पाळकांना म्हणाला. "महिनाभरानं काय बिघडतंय?"

पाळक चटईवर त्याच्यासमोर येऊन बसले.

"लक्ष्मणराव, मी तुमच्या तात्यांनाही असाच वेळ दिला."

लक्ष्मणला अर्थ लागेना. मग पाळकांनी सरळ सांगितलं. चार वर्षं तात्या येत होते. गुरुवारी, बैलबाजार बघून येतो असं घरी सांगून. इथं याच चटईवर बसायचे. वाचता येत नव्हतं, म्हणून पाळकांकडून बायबलातला एक उतारा वाचून घ्यायचे, तोच पुन्हा वाचायला लावायचे, आणि जायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला होता. पण तारीख धरायची वेळ आली की पुढं ढकलायचे. घरी कळता कामा नये, असं वचनही त्यांनी घेतलं होतं.

"तात्यांना कळू नये म्हणून तुम्हीही तेच वचन घेतलं होतं," पाळक म्हणाले. "मला वाटलं, बाप-लेक आहेत, आज ना उद्या बोलतील. मी ते वचन आधीच मोडायला हवं होतं. शेवटच्या गुरुवारी तात्या म्हणाले, पोळा झाला की लक्ष्मणशी बोलतो."

तात्या पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले होते. सकाळी, चहाची कपबशी हातात असताना.

बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं. लक्ष्मणनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आज होईल का?" त्यानं विचारलं.

"होईल. शैलाताईंना निरोप धाडतो." पाळक पाणी आणायला उठले.

ते दारापर्यंत गेले असतील. लक्ष्मणनं मागून विचारलं, "पण तात्या थांबले कशासाठी?"

पाळक वळले. त्यांनी आधी त्याच्या डोक्याकडं पाहिलं, मग नजर खाली वळवली.

"मी लई विचारलं त्यांना. दर वेळी एकच म्हणायचे. 'मला माती काय अन् आग काय, सारखंच हाय, साहेब. पण बापाला अग्नी देता आला नाय, तर माझा लक्ष्मण जन्मभर झुरंल.'"