ठोसरचं टोसर

सिंधूताईंच्या जन्माआधीच वडील वायुदलातून ब्रह्मदेशच्या लढाईवर गेले, ते परतलेच नाहीत. तारही आली नाही, म्हणून भाऊबंद सिंधूताईंना जन्मभर 'पळपुट्याची पोर' म्हणत. लेक निवेदिता आजोबांच्या ट्रंकेवरचा अर्धा पुसलेला क्रमांक लिहून सरकारदरबारी पत्रं पाठवत राहिली. चारदा उत्तर आलं, 'अशी नोंद नाही.' पाचव्यांदा तिने आडनाव गोऱ्या साहेबाच्या कानाने लिहिलं, ठोसरचं टोसर. आज झाशीतल्या घरी डाकवाल्या भैयांनी जाड लिफाफा आणला. निवेदिता म्हणाली, "आई, सापडले! मेकॅनिक होते. जळत्या विमानातून वैमानिकाला ओढून काढताना गेले. इंफाळच्या स्मारकावर नाव आहे." सिंधूताईंनी कागदावरच्या नावावरून बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "विमानाचं तिकीट काढ." "अगं, एक्क्याऐंशी वर्षांची आहेस. दोन पायऱ्या चढताना दम लागतो." "लागू दे. माझ्या बाबांना मी अजून पाहिलेलं नाही."