मोजणारी

“एक राहिली, अम्मी.”

खुर्चीत टेकू पाहणारी अम्मी सावरली आणि हात बांधून पुन्हा उभी राहिली. शेजारच्या स्टुलावर बसलेल्या लेकीने अंगठा चौथ्या बोटावर सरकवला. दारात थोरला भाऊ उभा होता. आईची नमाज मोडू नये म्हणून गप्प होता इतकंच. आज तो गप्प राहायला आलेला नाही, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

दुपारच्या नमाजेत चार रकाती. दर रकातीला एकदा वाकायचं, दोनदा सजद्यात जायचं. साठ वर्षांत अम्मीने हे झोपेतसुद्धा चुकवलं नव्हतं. पण दोन वर्षांपासून तिच्या डोक्यातून आकडे गळायला लागले. कधी तीनवरच संपवायची, कधी पाच करायची. एकदा तर दुपारभर पढतच राहिली आणि मग गालिच्यावर बसून लहान मुलीसारखी रडली.

तेव्हापासून लेक मोजायला बसते. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते, सकाळपाळीला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तातल्या पेशी मोजायच्या, हा तिचा धंदाच.

“लोकांच्या शेकड्यांनी मोजतेस,” अम्मी म्हणाली होती. “माझ्या चार मोजायला काय जातं तुझं?”

जात होतं. लेकीने इस्लाम सोडला होता, आणि ते अम्मीखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

भांडून सोडला नव्हता. एके दिवशी तिने सजद्यात कपाळ टेकलं आणि समोर कोणीच नाही असं तिला वाटलं. परत येईल म्हणून तिने वर्षभर वाट पाहिली. पाचही वेळा अम्मीच्या शेजारी उभी राहिली, एक वेळ चुकवली नाही. कोणी आलं नाही. मग तिने नमाज थांबवली आणि थोरल्याला सांगून टाकलं. “अम्मीला कळू देऊ नकोस, ती जीव सोडेल,” एवढंच तो म्हणाला, आणि त्यानंतर तीन वर्षं बहिणीशी एक शब्द बोलला नाही. बातमीला मात्र पाय फुटले. आत्याने नातीच्या लग्नाला बोलावलं नाही. लहानपणीची मैत्रीण समोरून येताना दिसली की रस्ता ओलांडायची. हे सगळं लागायचं तिला. पण सगळ्यात जास्त लागायचं ते पहाटे, उठायचं काही कारण नसताना जाग यायची तेव्हा.

अम्मीपुढे मात्र खोटं बोलायची वेळच आली नाही. “तू पढलीस का गं?” असं अम्मीने कधी विचारलंच नाही. विसरत असेल, अशी लेक मनाची समजूत घालायची.

अम्मीने मान उजवीकडे वळवून सलाम म्हटला, मग डावीकडे. नमाज संपली. थोरला आत आला.

“अम्मी, कपडे भर. आजपासून तू माझ्याकडे राहायचं.”

“का रे? इथे काय वाघ शिरलाय?”

थोरला हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. आईच्या परलोकाची काळजी त्याला खरोखरच खात होती. “दोन वर्षं तू हिच्या मोजण्यावर पढलीस,” तो म्हणाला. “त्या नमाजा कबूल झाल्या की नाही, या विचाराने मला झोप लागत नाही. का ते हिलाच विचार.”

लेकीने सांगितलं तर अम्मी थोरल्याकडे जाणार. नाही सांगितलं तर थोरला सांगणार, आणि अम्मी जाणार ती लेकीने फसवल्याचं दुःख घेऊन. ती स्टुलावरून उठली.

“अम्मी, माझा विश्वास उरला नाही. मी नमाज पढत नाही. मी मुसलमान राहिले नाही. तीन वर्षं झाली.”

अम्मी गालिच्याची घडी घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“चार,” ती म्हणाली. “एक राहिलं तुझं मोजायचं.”

अम्मीने घडीवरून शेवटचा हात फिरवला.

“ते एक वर्ष शेजारी उभी राहायचीस, पण सलाम फिरवून झाला की माझ्या नजरेला नजर देत नव्हतीस. मी आकडे विसरते. पोरं नाही विसरत.”

“अम्मी, तू कधी काही बोलली नाहीस...”

“काय बोलू? बरं वाटलं का मला? रोज दुआ मागते तुझ्यासाठी. पण ते माझं आणि अल्लाहचं आहे.”

थोरला पुढे आला. “माहीत होतं, तरी हिलाच बसवलंस? मी होतो. तुझी सून होती.”

“तुझ्याकडे राहायला आले तेव्हा बसलात की दोघंही, एकेक आठवडा. हातात तसबीहची माळ, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. इकडे माझ्या पाच झाल्या तरी कोणाला पत्ता नाही.” अम्मीने गालिचा खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि थोरल्याच्या गालावरून हात फिरवला. “तुमचं लक्ष अल्लाहकडे असतं, बाळा. असायलाच हवं. पण माझ्या रकाती मोजायला माझ्याकडे बघणारं कोणीतरी लागतं.”