फोनवरची माणसं

धारूरच्या बाजारात मन्मथअप्पांचा एसटीडी बूथ होता. शाळा सुटली की त्यांची नववीतली लेक रुद्राणी तिथं बसायची. गिऱ्हाइकानं नाव विचारलं तरी ती अप्पांकडं बघायची. शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी तिला बळंच स्टेजवर ढकललं, आणि पाठ केलेलं सगळं ती विसरली. घाबरून तिनं हवेतलाच रिसिव्हर कानाला लावला आणि बूथवर लोक कसे बोलतात ते करून दाखवायला लागली. मुंबईपर्यंत पोचावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडणारे कापडवाले, व्याह्यांचा आवाज ऐकताच डोक्यावरचा पदर सावरणाऱ्या मावशी. मांडव हसून लोळला. मागं बसलेल्या अप्पांना मात्र घाम फुटला. सगळी त्यांचीच गिऱ्हाइकं होती.

दुसऱ्या दिवशी मेंढ्यांचे व्यापारी सटवाजी पडलेल्या चेहऱ्यानं बूथवर आले. अप्पा हात जोडून उठले. "लेकरू हाय, माफ करा."

"समद्यांची नक्कल केली," सटवाजी म्हणाले, "माझीच कावून न्हाई?"

अप्पांनी तोंड उघडायच्या आत रुद्राणीच बोलली, "मामा, तुमी फोनवर नुसतं हं-हं करता. त्यात मी काय करू?"

सटवाजींनी रिसिव्हर उचलला. मग त्यांनी पुण्याच्या लेकीला फोन लावला आणि एक डोळा रुद्राणीवर ठेवून जेवणापासून कोकरांपर्यंत तोंडाला येईल ते बोलत सुटले.

पलीकडून लेकीचा रडवेला आवाज रिसिव्हरबाहेर ऐकू आला, "आबा, खरं सांगा, आईला काय झालंय?"