बॉनेटवरचं नाव

आमच्या मुलीचं, ऋचाचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे १९९७ साली, मुलाने, अतुलने, नोएडात पहिली गाडी घेतली. माझी बायको प्रभावती आणि मी तेव्हा साठीत अक्षरं शिकत होतो. ती रोज बॉनेटवरच्या धुळीत बोटाने स्वतःचं नाव गिरवायची.

"आई, पाटी आहे का ती? रंगावर ओरखडे पडतात!" अतुल खेकसायचा. आणि खरंच, धूळ पुसली तरी उन्हात नाव दिसू लागलं.

पुढच्या मार्चमध्ये अतुल मला घेऊन पॉलिशवाल्याकडे गेला.

"वैक्स तीन महीने, सीलेंट साल भर," म्हणत पॉलिशवाल्याने घासायचं फडकं उचललं. "पहले ये नाम मिटा दूँ?"

अतुलने त्याचा हात धरला. "नहीं भैया, नाम के ऊपर ही लगाओ. जो सबसे ज़्यादा टिके."


प्रभावती त्याच महिन्याच्या चार तारखेला वारली होती.