नवा कोरा सर्व्हर

"नाशिकला न जाता त्याच्या पोटातलं तुला कसं गं कळणार?" फाउंड्रीच्या मालकीण अक्कासाहेबांनी विचारले.

"लिनक्सचा सर्व्हर आहे, अक्कासाहेब. विचारलं की स्वतःच सांगतो," कोल्हापूरच्या कचेरीत बसून आज्ञा टाइप करणारी शमिका म्हणाली.

"गुणी आहे. आमच्या घरात ही सवय कुणाला नाही."

शेजारी उभा असलेला पुतण्या विश्वजित हसला. नाशिकच्या शाखेसाठी हा नवा कोरा सर्व्हर त्यानेच आणला होता. जुना सर्व्हर अक्कासाहेबांनी शमिकाचा विरोध मोडून गेल्या वर्षी त्याच्याच हातून भंगारात काढला होता. आता यंत्रांची सगळी खरेदी त्याच्याकडे सोपवावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

पडद्यावर प्रोसेसर, मेमरी, डिस्क असे एकेक भाग उमटू लागले.

"बघ, याला म्हणतात यंत्र! नाहीतर तुझं ते डबडं," अक्कासाहेब शमिकाला म्हणाल्या.

शमिका मात्र एका ओळीवर थबकली. फाउंड्रीत आलेल्या प्रत्येक यंत्रावर कुलदैवताचे नाव कोरायचे, हा अक्कासाहेबांचा दंडक होता. सर्व्हरवर छिन्नी चालवता येत नाही, म्हणून जुन्या सर्व्हरमध्ये तिने ते आतच नोंदवून ठेवले होते. नव्याला तर तिचा हात अजून लागलाच नव्हता.

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. ‘श्री जोतिबा प्रसन्न.’

विश्वजितचे हसू मावळले. अक्कासाहेबांनी सवयीने हात जोडले, मग चष्मा सारखा करून विश्वजितकडे पाहिले.

"यंत्र उत्तमच आहे, शमिका," त्या म्हणाल्या. "भंगारात काढताना आम्हीच भलतं निवडलं."