उठव आम्हांला

"गुडघ्यांवर आणखी किती तेल ओतताय? कोशिंबिरीला ठेवा थोडं," उम्म याकूब नवऱ्याला म्हणाली.

चर्चमधले पाद्रीबाबांचे मदतनीस, शम्मास नख्ले, चोळतच राहिले. ईस्टरपासून पन्नास दिवस चर्चमध्ये गुडघे टेकायचे नाहीत असा नियम. ते दिवस म्हाताऱ्यानं सुखात काढले होते. आज पेंटेकॉस्ट. आज तीन लांबलचक प्रार्थना, तिन्ही गुडघ्यांवर. प्रत्येक संपली की "उठव आम्हांला, हे देवा" अशी हाक देत सगळ्यांच्या आधी उठायचं, हे शम्मासचं काम.

"अबूना गत्तास काय म्हणाले?" तिनं पाद्रीबाबांचं विचारलं.

"यंदा बघणार म्हणाले. ज्याला काही धरल्याशिवाय उठता येत नाही, त्यानं शम्मासचा झगा उतरवावा न् घरी बसून प्रार्थना करावी. देव घरीही येतो म्हणे."

"मग बसा की घरी."

"घरी तू असतेस."

काळ्या दगडाचं चर्च भट्टीसारखं तापलं होतं. वेदीच्या दारात अबूना गत्तास लोकांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले. वयानं पन्नाशीचे, अंगानं भरभक्कम. शेजारी नख्ले. पहिल्या दोन्ही वेळा नख्ले काहीही न धरता उठले. कसे, ते त्यांच्या दातांना ठाऊक.

तिसऱ्यांदा सगळे खाली बसताना 'कट्ट' असा आवाज झाला.

सगळ्या चर्चनं नख्लेंकडे पाहिलं. बायकांच्या बाजूनं उम्म याकूबचा सुस्कारा ऐकू आला. नख्लेंनीही आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. नवं काही दुखत नव्हतं. पण या वयात गुडघ्याच्या तक्रारी डोक्यापर्यंत उशिरा पोचतात.

तिसरी प्रार्थना मेलेल्यांसाठी. ती संपत आली, नख्लेंनी हाकेसाठी श्वास घेतला, आणि अबूनांनी पानं मागं उलटली. मेलेल्यांना दुसऱ्यांदा शांती मिळाली. मग तिसऱ्यांदा. मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, "आता मेलेलेच उठून सांगतील, पुरे."

नख्लेंच्या पाठीवरून घाम ओघळत होता. आता त्यांच्या ध्यानात आलं. अबूनाला घाई नव्हती. म्हातारा सगळ्या गावासमोर कलंडेपर्यंत तो वाचत राहणार होता.

"बघतोच," नख्ले स्वतःशी म्हणाले. अबूना चौथ्यांदा वाचायला पानं मागं उलटणार तोच त्यांनी छपराला हादरा बसेल अशी हाक दिली, "उठव आम्हांला, हे देवा!" आणि उठले. ना दार धरलं, ना भिंत.

पाठोपाठ सगळं चर्च उठलं. उम्म याकूबनं डोळे पुसले.

अबूना तेवढे खालीच राहिले. लोकांना वाटलं, केवढी ही भक्ती! नख्ले विजयी चेहऱ्यानं त्यांच्याकडे वाकले.

पुस्तकावरची नजर न काढता अबूना कुजबुजले, "नख्लेकाका, मघाचा आवाज माझ्या गुडघ्याचा होता. हात द्या. आणि लोकांना वाटू दे, की तुम्ही माझ्या हाताचं चुंबन घेताय."